संगणकाच्या अंतर्गत ध्वनीचे मुद्रण व विश्लेषण

संगणकावर वाजणारा आवाज स्पीकरमधून बाहेर येण्याआधीच सॉफ्टवेअरने आकड्यांच्या रूपात उचलून त्याची नोंद व तपासणी करण्याची पद्धत. व्यवहारात हिला ‘लूपबॅक रेकॉर्डिंग’ म्हणतात. माइक मध्ये नसल्यामुळे खोलीचा घुमारा, पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न यांतले काहीच नोंदीत शिरत नाही.

विंडोजमध्ये ‘वासापी’ या ध्वनिप्रणालीत, म्हणजे व्हिस्टापासून (२००७), ही सोय आहे. काही जुन्या साउंड कार्डांत हीच सोय ‘स्टिरिओ मिक्स’ या नावाने मिळे. लिनक्सवर प्रत्येक आउटपुटचा ‘मॉनिटर’, म्हणजे तिथे जाणाऱ्या आवाजाची प्रत, निवडता येतो. मॅकवर बहुधा ‘ब्लॅकहोल’सारखा आभासी ड्रायव्हर बसवतात. नोंद आणि कोणती कंपनसंख्या किती जोरात आहे हे दाखवणारा आलेख, या दोन्हींसाठी ‘ऑडॅसिटी’ मोफत मिळते.

सांगली जिल्ह्यात या पद्धतीचा चांगला उपयोग संगीतात होऊ शकतो. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्यही इथलेच. आता रियाजाला मोबाइल-संगणकावरचे तानपुरे सर्रास लावले जातात. ते सुरात किती आणि त्यांत जवारी (तार घोडीला हलकेच घासून उठणारा झंकार) किती, हे कानाबरोबर आलेखावरही पाहावे.

काळी एकचा षड्ज (सा) १३८.६ हर्ट्झ धरला, तर खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या सा ची, तार ६९.३ वर बोलते. तिचा पाचवा स्वरांश, म्हणजे तिच्याच नादात दडलेला पाचपट कंपनांचा सूर, ३४६.५ वर येतो. हाच तानपुऱ्यातला स्वयंभू (तार न जुळवताही आपोआप ऐकू येणारा) गंधार. सप्तकाचे बारा समान भाग करून जुळवलेल्या हार्मोनियमचा गंधार मात्र ३४९.२ वर असतो. फरक जेमतेम पावणेतीन हर्ट्झ, पण तयार कानाला तो टोचतो. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या (आवाजाच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांच्या) नोंदीत विश्लेषणासाठी एका वेळी ४,०९६ नमुने घेतले तर आलेखाची एक पायरी ११.७ हर्ट्झची होते आणि दोन्ही गंधार एकाच शिखरात मिसळतात. ६५,५३६ घेतले तर पायरी ०.७३ हर्ट्झवर येते आणि शिखरे सुटी होतात. त्यासाठी सुमारे १.४ सेकंदांचा तुकडा लागतो. तानपुऱ्याचा नाद लांबत असल्याने तो सहज मिळतो. द्रुत तानेला ही रीत चालत नाही.

काळजी घेण्याच्या गोष्टी थोड्या, पण महत्त्वाच्या. संदेश आल्याची ‘टिंग’ही नोंदीत उतरते, म्हणून सूचना बंद ठेवाव्यात. ‘बेस बूस्ट’सारखी सजावट चालू असेल तर जवारीचे वरचे स्वरांश खरे दिसतीलच असे नाही. वासापीत काहीच वाजत नसताना नमुने येत नाहीत. त्यामुळे मधली शांतता गळून लयीचे मोजमाप चुकते. मागे एक निःशब्द फाइल वाजती ठेवली की हे टळते. नक्कल होऊ नये म्हणून कुलूपबंद केलेल्या प्रसारणांतून कधी नुसती शांतताच हाती लागते.

लूपबॅकने तपासला जातो तो सॉफ्टवेअरमधला तानपुरा. घोडीवर (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर) सूत सरकवून जवारी उघडलेला, भोपळ्याचा खरा तानपुरा तपासायचा तर चांगला माइक आणि शांत खोली यांना पर्याय नाही.