नौका-इंजिन : निगा व सुटे भाग

नौकेचे इंजिन वाटेत बंद पडू नये म्हणून ठरावीक तासांनी किंवा हंगामांनी केलेली तपासणी व बदली, आणि ते पडलेच तर पाण्यावरच चालू करता यावे म्हणून बरोबर ठेवलेला सुट्या भागांचा साठा, यांचा विचार एकत्रच करावा लागतो. मोठ्या जहाजांवर हे काम अभियंत्यांचा स्वतंत्र वर्ग पाहतो. १ जुलै १९९८ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झालेल्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहितेच्या दहाव्या प्रकरणात, अचानक बिघडल्यास धोका निर्माण करील अशी यंत्रसामग्री आधीच हेरून ठेवण्याची जबाबदारी कंपनीवर टाकलेली आहे. लहान मासेमारी नौका या संहितेबाहेर राहतात. येथील विवेचन मुख्यतः अशा एकइंजिनी डिझेल नौकांपुरते आहे.

आरंभीच्या यांत्रिक नौकांवर डोलकाठी व शीड कायम असे. इंजिन हे वारा पडल्यावरचे साहाय्य होते, त्यामुळे ते थांबले तर घरी पोहोचायला उशीर होई, इतकेच. शीड केव्हा उतरले याचे उत्तर किनाऱ्यागणिक वेगळे आहे. उत्तर युरोपात ते साधारणपणे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, तर कोकणात १९५० नंतरच्या यांत्रिकीकरणाबरोबर हळूहळू मागे पडले असावे. शीड गेल्यावर उरलेला एकमेव दुसरा मार्ग म्हणजे सुट्या भागांची पेटी, आणि निगेचे महत्त्व वाढले ते तेथून.

डिझेल इंजिनाच्या जनकत्वाचा वाद येथे अप्रस्तुत वाटेल, पण निगेच्या दृष्टीने तो मुळाशी जातो. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांचे ब्रिटिश एकस्व (पेटंट) १८९० चे. रूडॉल्फ डिझेल यांचा जर्मन अर्ज १८९२ चा, एकस्व १८९३ चे आणि यशस्वी इंजिन १८९७ चे. तारखांच्या आधारे काही ब्रिटिश लेखक श्रेय स्टुअर्ट यांना देतात. मात्र त्यांच्या इंजिनात इंधन पेटे ते तापलेल्या धातूच्या गोळ्यामुळे. केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर इंधन पेटवण्याची कल्पना व तिची सिद्धी डिझेल यांचीच, हे मत अधिक ग्राह्य दिसते. स्टुअर्ट यांच्या कल्पनेतून पुढे आलेली तप्तगोल इंजिने मासेमारी नौकांवर मात्र दीर्घकाळ टिकली. सुरू करण्यापूर्वी गोळा दिव्याने काही मिनिटे तापवावा लागे, पण भाग थोडे, दाब कमी आणि इंधन हलके असो की जाडे, चाले.

उच्च दाबाच्या इंजिनाने ही मोकळीक काढून घेतली. १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंधन-अंतःक्षेपण पंपांचे (इंजिनात इंधन उच्च दाबाने फवारणाऱ्या पंपांचे) मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले व लहान डिझेल इंजिन सुटसुटीत झाले. पण या पंपातील दट्ट्या व त्याची नळी यांमधली फट अवघी काही मायक्रॉन असते. डोळ्यांना न दिसणारी वाळू किंवा पाण्याचा थेंब तेथे पुरेसा होतो. म्हणून निगेचा पहिला विषय तेल नव्हे, इंधन होय.

अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतले पाणी साकळते आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढून काळपट, बुळबुळीत साका तयार होतो. शांत पाण्यात तो तळाला पडून राहतो. समुद्र उसळला की तो ढवळून वर येतो, गाळणी तुंबते आणि इंजिन नेमके खराब हवेत बंद पडते. यावर उपाय म्हणजे बंदरात टाकी भरून ठेवणे, पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीचा तळ रोज पाहणे आणि गाळणीचे दोन तरी संच जवळ असणे. गाळणी बदलली की ‘एअर लागते’, म्हणजे इंधनाच्या वाटेत हवा शिरते. मग ती काढताना गाळणीवरचा स्क्रू, पंपावरचा स्क्रू आणि शेवटी नोझलकडचे नट, हा क्रम पाळून हातपंप मारत बुडबुडे संपेपर्यंत थांबावे लागते. हे एकदा धक्क्यावर, उजेडात करून पाहिलेले बरे.

थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपातले रबरी पातींचे चाक, म्हणजे इंपेलर, पाण्यानेच वंगित होते. आत येण्याची वाट प्लॅस्टिकच्या पिशवीने अडली तर ते कोरडे फिरून मिनिटभरातही फाटू शकते. नवे बसवणे सोपे आहे. तुटलेल्या पात्यांचे सर्व तुकडे मोजून शोधणे अवघड, कारण राहिलेला तुकडा उष्णता-विनिमयकाच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड राखणाऱ्या साधनाच्या) नळीत अडकून पुढे इंजिन पुन्हा तापवतो.

स्वतः झिजून शेजारचा धातू वाचवणाऱ्या जस्ताच्या त्यागी पट्ट्यांची परंपरा १८२४ पर्यंत मागे जाते. रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या तांबे मढवलेल्या जहाजांना जस्त व लोखंड जोडून तांब्याची झीज थांबवली. तांबे विरघळेनासे झाल्यावर त्याचा विषारी गुण गेला आणि शेवाळ व शिंपले माजले, म्हणून नौदलाने प्रयोग सोडला. आज पंखा (प्रोपेलर), शाफ्ट व विनिमयक यांच्या रक्षणासाठी हीच युक्ती सर्वत्र वापरतात. जस्तात लोहाचे प्रमाण ०.००५ टक्क्यांहून अधिक नसावे, अन्यथा पट्टीवर साय धरून ती निकामी होते. वर्षभर न झिजलेली पट्टी म्हणून संशयास्पद मानावी. पट्टीवर रंग देणे हीही चूकच.

वंगणतेल बदलण्याचा अवधी निर्माता सांगतो. तो बहुधा १०० ते २५० तासांच्या दरम्यान असतो.

सुट्या भागांची निवड करताना जो भाग झिजतो, ज्यावाचून नौका थांबते आणि जो हलत्या नौकेत हातांनी बदलता येतो, तोच घ्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे : गाळण्या, इंपेलर व त्याचे पॅकिंग, पट्टा, रबरी नळ्या व क्लिपा, फ्यूज, तेल. पेटीत भाग आहे पण त्याचा पाना नाही, असे सर्रास घडते. नवा पट्टा बसवून चांगल्या स्थितीतला जुना राखीव ठेवण्याची पद्धत अधिक सुरक्षित, कारण तो बसतो हे सिद्ध झालेले असते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत नौका ओढून वर घेतात व इंजिन उघडण्याचे काम त्याच काळात उरकतात. ट्रकच्या इंजिनांची सागरी रूपे येथे रूढ असल्याने पिस्टन, रिंगा, नोझल बाजारात सहज मिळतात. समुद्रपाण्याचा पंप व विनिमयक हे मात्र ट्रकवर नसतात, आणि अडते ते तेथेच. किनाऱ्यापासून दूर तांडेलाचा (नौकेच्या प्रमुखाचा) भरवसा बहुधा जवळच्या दुसऱ्या नौकेच्या दोरावर असतो.

बाहेर टांगलेल्या इंजिनाला दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणे, स्पार्क प्लग आणि पंख्याची पिन इतके पुरते.

दुरुस्ती साधली नाही तर नौका आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांनुसार ‘ताब्याबाहेर’, म्हणजे इतरांना वाट देण्यास असमर्थ, ठरते. २७ व्या नियमाप्रमाणे तिने रात्री एकाखाली एक दोन तांबडे दिवे व दिवसा दोन काळे गोळे दाखवावेत. १२ मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकांना यातून सूट आहे. त्यांच्याजवळ हे दिवे नसतीलच असे धरून इतरांना पहारा ठेवावा लागतो.