दोन्हीवर डीएसजीच लिहिलंय: जुन्या ऑक्टाव्हियाचा कोरडा डबा आणि ओला डबा

मामेभावाला स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया घ्यायची होती. नागपुरात दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या, एक साधी पेट्रोलवाली 1.8 टीएसआय आणि दुसरी जास्त ताकदीची आरएस. आरएस चांगलीच महाग. हिंगणघाटहून फोन आला, "दादा, दोन्हीच्या गिअरवर डीएसजीच लिवलं हाये. मंग वरचे पैसे कायचे?"

पैसे इंजिनाचे आहेतच. पण अक्षरं तीच असली तरी खाली बसवलेला गिअरबॉक्स वेगळा आहे, आणि जुन्या गाडीत खिसा रिकामा करतो तो गिअरबॉक्सच.

डीएसजी म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, त्यात क्लच दोन. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. गाडी दुसऱ्या गिअरात असतानाच तिसरा लावून तयार असतो, त्यामुळे गिअर कधी बदलला ते कळत नाही. इथवर दोघं जुळे भाऊ. फरक असा की एकाचे क्लच तेलात बुडालेले असतात, दुसऱ्याचे कोरडे.

1.8 टीएसआयमध्ये सात गिअरचा कोरडा येतो, डीक्यू200. हा 2008 पासूनचा. हलका आहे, मायलेजला बरा आहे, पण 250 न्यूटन मीटरच्या वर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, त्याला झेपत नाही. स्कोडाच्याच सुपर्बमध्ये हे उघड दिसतं: तेच 1.8 इंजिन मॅन्युअलमध्ये 320 देतं, डीएसजीत मात्र 250 वर बांधलेलं. 2017 च्या आरएसचा टॉर्क 350, म्हणून तिथे सहा गिअरचा ओला डीक्यू250 बसवला. डिझेल 2.0 ऑक्टाव्हियातही तोच सहाचा. पण नुसते गिअर मोजून निकाल लावू नका. 2020 मध्ये आपल्याकडे फक्त 200 आलेल्या आरएस 245 मध्ये गिअर सात आहेत आणि डबा ओला आहे.

आता आपल्या रस्त्यांवर या. समृद्धीवर 120 ने सोडली तर दोन्ही डबे खूश. खरी परीक्षा कापसाच्या हंगामात, जिनिंगसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते तेव्हा. ब्रेकवरून पाय उचलला की गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. त्या वेळी क्लच धड लागलेला नसतो, धड सुटलेलाही नसतो, नुसता घासत असतो. ओल्या डब्यात ती उष्णता तेल वाहून नेतं. कोरड्याला थंड करायला फक्त हवा, आणि मे महिन्यात अशीच रांग लागली तर वर्धा-चंद्रपूरकडची हवा काय थंड करणार बाप्पा! म्हणून कोरडावाल्याने पुढच्या ट्रॉलीला चिकटू नये. दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्यावी, मग एकदम पुढे घ्यावी.

कोरड्या डब्याची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथरू लागली तर बहुतेक वेळा क्लच झिजलेला असतो. तो पुढे बरेच दिवस ओढतो, अंगावर धावून येत नाही. मेकॅट्रॉनिकचं तसं नाही. गिअर लावणारा तेलाचा दाब आणि त्याचा कॉम्प्युटर, दोन्ही या एका युनिटमध्ये. त्यातल्या दाब साठवणाऱ्या भागाच्या बैठकीला तडा गेला की दाब संपतो आणि गाडी आहे तिथे उभी राहते. माझ्या ओळखीच्या एकाची जाम चौरस्त्याजवळ अशीच थांबली. सकाळपर्यंत लोण्यासारखी चालत होती. मग गिअरचा आकडा लुकलुकला, विषम गिअर गेले, पाच मिनिटांत सगळंच गेलं. अशा गाडीला दोर बांधून नागपूरपर्यंत टोचन करून नेता येत नाही, अख्खी उचलून न्यावी लागते. नवीन मेकॅट्रॉनिकचा मला सांगितलेला आकडा दोन लाखांच्या आसपास होता, क्लच सेटचा मजुरीसकट ऐंशी-नव्वद हजार. तडा गेलेला भागच बदलून देणारे मिस्त्रीही आहेत, तिथे काम बरंच स्वस्तात होतं. गरम-दमट हवेत या डब्यात सिंथेटिक तेलामुळे विजेचे बिघाड होत होते, म्हणून 2013 मध्ये फोक्सवॅगन समूहाने जगभर गाड्या परत बोलावून त्यात खनिज तेल भरलं होतं.

ओल्याचा रोग एकच, आळस. दर 60,000 किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायचा. मला वीस हजारांच्या आतबाहेर सांगितले होते. नाही बदललं तर क्लचची झीज त्याच तेलात फिरत राहते आणि ह्याचंही मेकॅट्रॉनिक खाते. आणखी एक गंमत. तेलाची पातळी बघायची ती तेल 35 ते 45 अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून, स्कॅनर लावून. मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी सुरू करायच्या आधीच त्या आकड्याच्या जवळ पोचलेली असते. हे काम पहाटेच करून घ्या.

कूलंट गळणं दोन्ही गाड्यांत सापडतं, वॉटर पंपाची प्लॅस्टिकची बैठक तेवढी वाकून पाहा. आरएसचे पातळ कडांचे टायर आणि अलॉय चाकं आपल्या खड्ड्यांत किती टिकतील ते वेगळं सांगायला नको.

भावासोबत मीही नागपूरला गेलो. आरएसवाला छाती फुगवून म्हणाला, "82,000 चालली, एक रुपया लागला नाही." म्हणजे तेल कधी बदललंच नव्हतं. 1.8 वाला फाइल दाखवायला कचरत होता. आत मेकॅट्रॉनिक बदलल्याचं बिल निघालं, जेमतेम वर्षभरापूर्वीचं. गिऱ्हाईक पळून जाईल म्हणून बिचारा ते लपवत होता. भावाने त्याच बिलावर बोट ठेवलं आणि बयाणा दिला.