लांब शेपटीच्या जपानी कोंबड्या : शेपटी वाढते कशी, टिकते कशी

आमच्याकडे फिनिक्स या लांबशेपट्या जातीची अंडी किंवा पिल्लं न्यायला येणाऱ्या अनेकांनी दहा मीटर शेपटीच्या कोंबड्याचा फोटो पाहिलेला असतो. तो पक्षी ओनागादोरी. जपानच्या शिकोकू बेटावरचा कोची प्रांत, म्हणजे जुना तोसा, हे त्याचं मूळ ठिकाण. 1952 साली जपान सरकारने या जातीला विशेष नैसर्गिक ठेव्याचा दर्जा दिला. आम्ही देतो तो फिनिक्स. जपानी लांबशेपटे नर युरोपातल्या कोंबड्यांना लावून 19व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत ही जात तयार झाली. जातिवंत फिनिक्स नराची शेपटी साधारण एक ते दीड मीटर भरते. ओनागादोरी म्हणून चढ्या भावात पक्षी विकायला आला तर आधी त्याच्या दोन-तीन वर्षांच्या बापाची शेपटी बघायला मागा.

दोघांत फरक पडतो तो पिसझडीमुळे. साधा कोंबडा दरवर्षी पिसं टाकतो आणि शेपटी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ओनागादोरीच्या शेपटीची आणि कमरेची ठरावीक पिसं झडतच नाहीत, त्यांचं मूळ जिवंत राहतं आणि पीस वर्षाला पाऊण ते एक मीटर वाढत जातं. फिनिक्समध्ये हा गुण अर्धवट उतरतो. काही नर लांब पिसं दोन-तीन वर्षं धरून ठेवतात, काही दरवर्षी टाकतात. म्हणून दीडेक वर्षाच्या सुमारास पहिली पूर्ण पिसझड होऊन जाईपर्यंत कुठलाही नर ‘चांगला’ किंवा ‘टाकाऊ’ ठरवू नका.

दांडी आणि जागा

शेपटी बिघडते ती बहुतेक वेळा दांडीपायी. जमिनीपासून दीड ते दोन मीटर उंच, चार-पाच सेंटिमीटर जाड, कडा गोल केलेली लाकडी दांडी लावा. मागची भिंत किंवा जाळी दांडीपासून निदान 60 सेंटिमीटर दूर हवी, नाहीतर पक्षी वळला की पिसांची टोकं घासून फाटतात. दाणा-पाणीही दांडीच्या उंचीला ठेवलं तर नर दिवसातून कमी वेळा खाली उतरतो. मात्र त्याला रोज थोडं चालू द्याच. जपानमध्ये ओनागादोरीला तोमेबाको नावाच्या उंच, अरुंद पेटीत बसवतात आणि अधूनमधून कुणीतरी शेपटी हातात धरून त्याला फिरवून आणतं. फिनिक्सला अशा पेटीची गरज नाही, आणि आम्ही ती विकतही नाही.

खाली जाडसर कोरडी वाळू किंवा भाताचं तूस टाका. लाकडाचा बारीक भुसा ओल्या पिसांना चिकटून गोळे होतात. पावसाळ्यात तूस हाताला दमट लागलं की त्याच दिवशी बदला. ओल, विष्ठा आणि शेपटी एकत्र आली की पिसं पिवळी पडून कुजतात.

खाद्य

पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. वाढत्या शेपटीच्या नराला 16 ते 18 टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं. नुसत्या मका-बाजरीवर ठेवलेल्या नराची शेपटी वाढते, पण टिकत नाही. तिळाची पेंड उत्तम, कारण पिसांना लागणारं मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) तीत भरपूर असतं. सोयाबीन द्यायचं तर भाजूनच. शेंगदाण्याची पेंड पावसाळ्यात टाळा, तिच्यावर बुरशीचं विष धरतं. सुकट देणार असाल तर बिनमिठाची.

एखादं लांब पीस उजेडासमोर धरून पाहा. आडवी, फिकट, पारदर्शक रेघ दिसली तर ती रेघ तयार होत होती त्या दिवसांत पक्षी उपाशी, आजारी किंवा घाबरलेला होता असं समजा. पीस पुढे नेमकं तिथेच मोडतं. म्हणूनच खाद्य एकदम बदलू नये, आठ-दहा दिवसांत जुन्यात नवं मिसळत न्यावं.

माद्या नराची शेपटी टोचून खात असतील तर दाटी आणि प्रथिनांची कमतरता या दोन गोष्टी आधी तपासा.

माइट, उवा आणि रक्ताचं पीस

लाल माइट म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे दिवसा दांडीच्या फटीत लपतात आणि रात्री अंगावर चढतात. रात्री टॉर्च घेऊन दांडीची खालची बाजू बघा. उवांसाठी पसरट घमेल्यात कोरडी माती आणि चाळलेली लाकडाची राख कायम ठेवा. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच.

वाढत्या पिसाच्या बुडाशी निळसर-काळी नळी दिसते, तिच्यात रक्त असतं. पक्षी पकडताना शेपटीला हात लावूच नका, दोन्ही पंख अंगाशी दाबून उचला. नळी मोडून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. थांबलं नाही तर पशुवैद्यकाकडे न्या.

पैदास

एका नरामागे दोन ते चार माद्या पुरतात. जोडीच्या नराची शेपटी टिकत नाही, तेव्हा दाखवायचा नर आणि पैदाशीचा नर वेगळे ठेवा. पैदाशीच्या नराची लांब पिसं हातभर ठेवून कापली तरी चालतात, फक्त रक्ताची नळी सोडून. मादी निवडताना घाई होते, आणि तिथेच पुढची पिढी बिघडते. शेपटीचा गुण आईकडूनही येतो. शेपटीवरची झाकणपिसं लांब आणि खाली वळलेली असतील तीच मादी घ्या. सख्खी भावंडं पिढ्यान्‌पिढ्या जुळवत गेलात तर आधी फळ धरणारी अंडी कमी होतात. प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाची रिंग घालून वहीत नोंद करा.

प्रवासातून आलेली अंडी टोकदार बाजू खाली करून 12 ते 24 तास स्थिर ठेवा, मगच पंखा असलेल्या उबवणी मशीनमध्ये 37.5 अंशांवर लावा. 18 दिवस आर्द्रता 50 ते 55 टक्के, रोज निदान तीनदा फिरवणं. त्यानंतर फिरवणं बंद आणि आर्द्रता 65 ते 70. 21व्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. खुडूक गावठी कोंबडी मिळाली तर तिच्याखाली ठेवलेली आम्हाला अधिक आवडतील. पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी द्या. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण आहे. त्याच दिवशी औषध सुरू करावं लागतं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.