हातस्कॅनर (पार्सल ट्रॅकिंगचा आरंभकाळ)

हातस्कॅनर : पार्सलवरचा बारकोड वाचून त्याची वेळेसह नोंद जागच्या जागी साठवणारे, कुरिअरच्या हातात मावणारे यंत्र. पार्सल वाहतुकीत त्याचा वापर अमेरिकेत १९८० च्या दशकात रुळला.

त्याआधी पार्सल कुठे आहे, हे कागदावरूनच काढावे लागे. ग्राहकाचा फोन आला की कार्यालयात पावत्यांची चळत उपसायची, गोदामांना फोन लावायचे. उत्तर हाती येईतो पार्सल बहुधा आणखी पुढे गेलेले असे. मेम्फिसची फेडरल एक्स्प्रेस १९७३ पासून रात्रीच्या विमानांनी पार्सले पोहोचवत होती. पार्सलाइतकीच त्याची माहितीही महत्त्वाची, असे संस्थापक फ्रेड स्मिथ यांचे मत होते. कंपनीने १९७९ मध्ये ‘कॉसमॉस’ ही मध्यवर्ती संगणकप्रणाली उभारली. पुढच्या वर्षी ‘डॅड्स’ या यंत्रणेमुळे गाडीतल्या पडद्यावर कामाचे निरोप येऊ लागले. तरीही पार्सल प्रत्यक्ष उचलणारा माणूस या साखळीबाहेरच होता. १९८६ मधल्या ‘सुपरट्रॅकर’ या हातस्कॅनरने त्याला आत घेतले.

बारकोड वाचण्याची जुनी सोपी तऱ्हा म्हणजे लाइट पेन. पेनाचे टोक लेबलाला टेकवून पट्ट्यांवरून एका दमात फिरवायचे. पांढरी जागा प्रकाश परतवते, काळी शोषून घेते आणि त्या चढउतारातून अंक उलगडतात. हात मध्येच अडखळला, लेबल चुरगळले किंवा भिजले, की पुन्हा फिरवा. तेही साधले नाही तर बटणे दाबून आख्खा क्रमांक भरायचा. लेझर स्कॅनरने लेबलाला टेकण्याची गरज संपवली.

या यंत्रांना ‘लाइव्ह’ ट्रॅकिंग म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. नोंद आधी यंत्राच्या स्मृतीत पडून राही. कुरिअर गाडीत परतला आणि यंत्र खोबणीत बसवले, की मगच ती पुढे रवाना होई. त्यामुळे एका स्कॅनला खरे तर दोन वेळा असत : घडल्याची आणि कळल्याची. दारात दिलेले पार्सल संगणकाच्या लेखी अजून गाडीतच, असे सर्रास होई.

यूपीएस या दुसऱ्या अमेरिकी पार्सल कंपनीने १९९० च्या सुमारास आणलेले ‘डायड’ हे यंत्र वेगळ्या वळणाचे. आकार कागद लावायच्या क्लिपबोर्डसारखा, म्हणजे चालकांच्या हाताला सवयीचाच. आणि घेणाऱ्याची सही थेट पडद्यावर. सही वाकडीतिकडी उमटली तरी कागदी नोंदवहीची सद्दी तिने संपवली. १९९३ मध्ये गाडीतूनच मोबाइल जाळ्यावर माहिती पाठवण्याची सोय झाली, तेव्हा ती कळण्यातला उशीर बराच आटला. १९९४ च्या नोव्हेंबरपासून फेडेक्सच्या (म्हणजे फेडरल एक्स्प्रेसच्या) संकेतस्थळावर पावतीचा क्रमांक टाकून ग्राहकाला शेवटचे स्कॅन स्वतःच पाहता येऊ लागले.