डुप्लिकेट किल्ली आणि नवी किल्ली

सप्टेंबरात सांगलीहून ताई-दाजी आले, कासला फुलं बघून झाली आणि पार्किंगमध्ये पोचल्यावर दाजी खिसे चाचपू लागले. गाडीची किल्ली गायब. पाऊस, चिखल, त्यात रविवारची गर्दी. घरची दुसरी किल्ली मागच्याच वर्षी हरवलेली. पंचवीस किलोमीटरवर साताऱ्यात ओळखीच्या चावीवाल्याला फोन लावला. त्यानं आधी विचारलं, "मूळ किल्ली हाय का हातात? नसंल तर डुप्लिकेट न्हाई व्हायची, नवी टाकावी लागंल."

दाजी वैतागले, "म्हंजे तेच की!"

तेच नाही. किल्लीच्या मुठीत बारीक काचेची नळी किंवा काळी वडी असते, ती चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या कॉइलमधून, बहुधा 125 किलोहर्ट्झच्या लहरींवर, तिला वीज मिळते आणि ती आपला नंबर सांगते. गाडीतल्या इमोबिलायझरला, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला, नंबर ओळखीचा वाटला तरच इंजिन चालू राहतं. युरोपात 1998 पासून नव्या गाड्यांना ही सोय सक्तीची झाली. म्हणून नुसतं पातं कापून आणलं तर दार उघडतं, इंजिन मात्र पटकन बंद पडतं किंवा चालूच होत नाही.

डुप्लिकेट म्हणजे जुन्या चिपचा नंबर कोऱ्या चिपवर उतरवणं, आधार कार्डाची झेरॉक्स काढावी तसं. गाडीला हातही लावावा लागत नाही आणि तिला दोन्ही किल्ल्या एकच वाटतात. साध्या चिपची नक्कल काही मिनिटांत होते. गाडीशी सांकेतिक सवालजवाब करणाऱ्या चिपची अवघड, काहींची होतच नाही. पण झेरॉक्सला मूळ कागद तर हवा! आमचा कागद कासच्या गवतात पडलेला.

नवी किल्ली म्हणजे रेशनकार्डावर नवं नाव चढवणं. चिपचा नंबर वेगळा असतो आणि तो गाडीच्या मेमरीत नोंदवावा लागतो. चावीवाला स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशिन जोडतो. एकही किल्ली उरली नसेल तर पुष्कळ गाड्यांना त्यांचा गुप्त पिन लागतो, तो चासी नंबरवरून मिळवतात. आमच्या माणसानं आरसी आणि आधार बघितल्याशिवाय बॅग उघडली नाही, ते मला आवडलं. मग त्यानं दुसरी बॅटरी जोडली. कोडिंग, म्हणजे नंबर नोंदवणं, चालू असताना व्होल्टेज पडलं तर मेमरीच बिघडू शकते.

खरा फरक पुढे आहे. चढवलेलं नाव कमीही करता येतं, म्हणजे हरवलेल्या किल्लीचा नंबर मेमरीतून पुसता येतो. डुप्लिकेटचं तसं नाही. समजा घरात मूळ किल्ली आहे आणि तिची नक्कल हरवली. ती बाद करायला गेलात तर मूळही बाद होते, नंबर एकच ना! हातात एक किल्ली असताना हरवलेलीची भीती वाटत असेल, तर मी डुप्लिकेटवर पैसे घालणार नाही. काही गाड्या कोडिंग करताना जुनी सगळी नावं पुसतात, म्हणून घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्याव्यात.

नंबर पुसला तरी पातं तेच राहतं; जुनी किल्ली दाराला लागतेच. तिच्याबरोबर पत्त्याचा कागद गेला असेल तर लॉकसेटच, म्हणजे गाडीची सगळी कुलपं, बदलावा. रिमोट हे आणखी निराळं प्रकरण: त्याचा सेल संपला तरी दार पात्यानं उघडतं आणि गाडी चिपवर सुरू होते.

दाजींनी दोन नव्या किल्ल्या करून घेतल्या, एक ताईच्या पर्समध्ये गेली. दुसऱ्या दिवशी सांगलीला निघण्याआधी त्यांना पोलिसांत हरवल्याची नोंद करायला लावली. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि त्यांच्याकडे आता एकही नाही.