पंपाच्या पेटीतला रीसेट

किनाऱ्यालगतच्या बऱ्याच आगरांत आता पंप चालू-बंद करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी असते. पावसाळ्यात वारा सुटला की गुहागर काय नि मालवण काय, लाइट सरळ जात नाही. मंद होते, येते, परत जाते. पेटीतल्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे पंप चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपला, खरा त्रास या अर्धवट व्होल्टेजचा. अशा वेळी तिला थांबवून नव्याने सुरू करणं म्हणजे रीसेट.

आर्डुइनो उनो या तयार बोर्डावरची अ‍ॅटमेगा ३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झने चालते. त्या वेगाला किमान ३.८ व्होल्टच्या आसपास पुरवठा हवा. व्होल्टेज पडल्यावर चिपला थांबवणारी आतली सोय मात्र उनोवर २.७ व्होल्टला लावलेली असते. मधल्या पट्ट्यात चिप थांबत नाही आणि तिच्या कामाचा भरवसाही नसतो. ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) जपलेल्या पंपाच्या वेळा बिघडतात त्या अशाच वेळी.

रीसेटच्या पिनेवरचं व्होल्टेज खाली असेतो चिप थांबून राहते. त्यासाठी सगळीकडे दिसणारा उपाय म्हणजे या पिनला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. दोहोंचा गुणाकार, म्हणजे कपॅसिटर भरायला लागणारा अंदाजे वेळ, १ मिलिसेकंद. पुरवठा त्याहून सावकाश चढला, तर कपॅसिटरही त्याच्याबरोबर भरत जातो आणि रीसेट होतच नाही. रेझिस्टरला समांतर डायोड जोडला तर लाइट गेल्यावर कपॅसिटर लवकर रिकामा होतो. तो जरूर जोडावा. पण व्होल्टेज ३ वर येऊन परत चढलं, तर पिन पुरवठ्यासोबतच खालीवर होते. चिपला काहीच कळत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: किनाऱ्यावरच्या पेटीत व्होल्टेजवर नजर ठेवणारी वेगळी आयसी हवीच. मॅक्स ८०९ला तीनच पाय असतात. तिचा ‘एल’ प्रकार पुरवठा ४.६३ व्होल्टखाली गेला की रीसेटची पिन खाली ओढतो आणि पुरवठा सावरल्यावरही किमान १४० मिलिसेकंद सोडत नाही. पुरवठा मुळातच ४.७च्या आसपास असेल, तर ४.३८ व्होल्टचा ‘एम’ घ्यावा. रीसेटचं बटणही हवं असेल, तर ओपन-ड्रेनवाली, म्हणजे पिन फक्त खाली ओढणारी, वर न ढकलणारी मॅक्स ८०३ बरी.

राहिला खारा वारा. बोर्डावर मिठाचा ओलसर थर बसला की रीसेटच्या पिनेतून ग्राउंडकडे (सर्किटच्या शून्य व्होल्टकडे) करंट झिरपतो. ही गळती ५० किलोओहमची धरा. चिपमधला पुल-अप रेझिस्टर, म्हणजे पिनेला पुरवठ्याकडे वर ओढून धरणारा, ३० ते ६० किलोओहमचा. एवढ्यावरच विसंबलात तर पिनेवर जेमतेम निम्मं व्होल्टेज उरतं आणि चिप विनाकारण रीसेट होऊ शकते. ओपन-ड्रेन आयसी वापरताना बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप जोडला, तर तीच पिन ४.५ व्होल्टच्या वर राहते. कपॅसिटर पिनेला अगदी खेटून बसवा. मग बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर लॅकरचा थर द्या. ओल्या बोर्डावर लॅकर दिलंत, तर मीठ आतच कोंडतं.