एमटीओ नोंदणीचा अर्ज नेमका कुठे अडतो?

चाकण-भोसरीच्या कारखान्यातून ट्रकने निघालेला माल न्हावा शेव्याला जहाजावर चढवून परदेशातील खरेदीदाराच्या हाती देईपर्यंतची सगळी जबाबदारी एकाच कराराखाली घ्यायची असेल, तर मल्टिमोडल ट्रान्सपोर्टेशन ऑफ गुड्स अ‍ॅक्ट, 1993 नुसार एमटीओ (मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर, म्हणजे एकाच करारावर दोन किंवा अधिक प्रकारच्या वाहतुकीने माल पोहोचवणारा) म्हणून नोंदणी बंधनकारक आहे. ती मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे होते. हा कायदा भारतातून बाहेर जाणाऱ्या मालापुरताच असल्याने, केवळ आयातीचे काम करणाऱ्यांनी या अर्जात वेळ घालवू नये.

आर्थिक अट एकाच लांबलचक वाक्यात कोंबलेली असून त्यातला ‘किंवा’ अनेकांच्या नजरेतून सुटतो. शिपिंग किंवा फ्रेट फॉरवर्डिंगचा (इतरांच्या मालाची वाहतूक जुळवून देण्याचा) व्यवसाय असणाऱ्याची उलाढाल मागील आर्थिक वर्षात 50 लाख रुपये, किंवा मागील तीन वर्षांची सरासरी तितकी असावी. म्हणजे एक वर्ष मंदीचे गेले म्हणून अर्ज सोडून देण्याचे कारण नाही. इतर व्यवसायातल्या अर्जदारांसाठी मात्र उलाढालीऐवजी 50 लाखांचे भांडवल पाहिले जाते. उलाढालीचा दाखला चार्टर्ड अकाउंटंटचाच हवा आणि तो अर्जदाराच्याच नावाने हवा. फर्मची प्रायव्हेट लिमिटेड झालेल्यांनी हे आधी तपासावे.

खरी अडचण आहे ती किमान दोन अन्य देशांत कार्यालय, एजंट किंवा प्रतिनिधी असण्याच्या अटीची. वर्षानुवर्षे दुबईच्या एजंटाशी ईमेलवर सुरळीत काम चाललेले असते, पण सही-शिक्क्याचा करार कधी केलेलाच नसतो. माझ्या पाहण्यातल्या एका करारावर जुन्या फर्मचे नाव होते आणि त्याची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली होती. असा कागद जोडून काहीही साधत नाही, म्हणून हे दोन करार सर्वांत आधी हाती घ्यावेत. बाकीची कागदपत्रे, म्हणजे स्थापनेचा दाखला, पॅन, ताळेबंद, सीएकडे बहुधा तयारच असतात.

प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी मिळते. ते मिळाले तरी वैध विमा उतरवल्याशिवाय मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट डॉक्युमेंट (अशा वाहतूक कराराचा पुरावा असलेला दस्तऐवज) देता येत नाही, हे कृपया विसरू नका. तसेच केवळ टेंडरसाठी नोंदणी करून ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की नोंदणीनंतर सलग दोन वर्षांत एकही मल्टिमोडल करार केला नाही, तर त्या कारणावरून ती रद्द होऊ शकते.